गोव्यातली जुनी हवामान केंद्रं आणि वाऱ्याची वीज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, जमीन असलेले बागायतदार, किनाऱ्यावरचे हॉटेलवाले, पंचायतीतले उत्साही सदस्य आणि अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाची मुलं असे सगळे एकच गोष्ट विचारतात: "गोव्यात इतकी वर्षं वारा मोजला जातोय, मग त्या आकड्यांवरून पवनचक्की चालेल की नाही ते कळत का नाही?" कळतं, पण त्या आकड्यांना योग्य तो प्रश्न विचारला तरच. जुनं केंद्र तुमच्या सड्यावर वारा किती आहे ते सांगू शकत नाही. यंदाचा वारा गेल्या वीस-तीस वर्षांच्या मानाने कसा होता, हे मात्र त्याच्याइतकं चांगलं दुसरं कोणी सांगत नाही. खालची बहुतेक उत्तरं या फरकाभोवतीच आहेत.

जागेवर मास्ट (वारा मोजायचा उंच खांब) उभारून वर्षभर वारा मोजला की झालं. जुन्या नोंदी हव्यात कशाला?

मास्ट वर्ष-दोन वर्षं उभा राहतो आणि पवनचक्की वीस-पंचवीस वर्षं. तुम्ही मोजलेलं वर्ष चांगल्या वाऱ्याचं होतं की पडत्या वाऱ्याचं, हे त्या वर्षाच्या आकड्यांतून कधीच कळणार नाही. उत्तर युरोपात बराच काळ वापरात असलेला ठोकताळा असा की एका वर्षाची सरासरी दीर्घकालीन सरासरीपासून साधारण ६ टक्के इकडेतिकडे असते. दहा वर्षांच्या नोंदी असल्या की हीच अनिश्चितता २ टक्क्यांच्या आसपास येते.

सहा टक्के म्हणजे फार नाही असं वाटतं, पण वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग १० टक्क्यांनी जास्त धरला तर ऊर्जा ३३ टक्क्यांनी जास्त धरली जाते. बँकेचं कर्ज फिटणार की नाही, ते या फरकावर ठरतं.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. गोव्यातल्या वाऱ्याच्या ऊर्जेचा मोठा वाटा पावसाळ्याच्या मोजक्या महिन्यांत येतो. त्यामुळे एखादा मोसम ढिला गेला की वर्षभराचं गणित बिघडतं, आणि एकाच पावसाळ्याच्या मोजणीवर बेतलेला अंदाज फार कच्चा ठरतो.

गोव्यात वारा मोजला जातो तरी कुठे?

भारतीय हवामान खात्याची वेधशाळा पणजीत आल्तिनोवर आहे, आणि मुरगावचीही नोंद जुनी आहे. दाबोळीला नौदलाचा तळ आणि विमानतळ असल्यामुळे तिथे वारा सतत मोजला जातो. मोप्याचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून उत्तर गोव्यात उंच सड्यावरची एक नवी नोंद मिळू लागली. दोना पावल्याला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, ती किनारी वाऱ्याची मोजणी स्वतःच्या संशोधनासाठी करते. जुने गोवे इथे भारतीय कृषी संशोधन परिषदेची किनारी शेती संशोधन संस्था आहे, तिथला रोख शेतीच्या हवामानावर. शिवाय हवामान खात्याची स्वयंचलित केंद्रं आहेत.

यांतलं एकच निवडायचं झालं तर मी दाबोळी निवडेन. विमानं उतरवायची तर वाऱ्याची नोंद चोख लागते, यंत्र धावपट्टीजवळ मोकळ्या जागी असतं, आणि दर अर्ध्या तासाला अहवाल निघतो. पवनऊर्जेसाठी कोणी हे मुद्दाम केलेलं नाही, पण तिला हवं ते बरंचसं इथे आपसूक मिळतं.

शहरातल्या केंद्राच्या नोंदीत वारा फारच कमी दिसतो. म्हणजे गोव्यात वारा नाहीच का?

इतक्यावरून तसं म्हणता येत नाही. जागतिक हवामान संघटनेचा दंडक असा: वारा मोकळ्या जागी जमिनीपासून १० मीटरवर मोजावा, आणि आजूबाजूचा अडथळा त्याच्या उंचीच्या निदान दहापट दूर असावा. पंधरा मीटरचा माड असेल तर तो दीडशे मीटर लांब हवा. गोव्यातल्या वस्तीत अशी मोकळी जागा मिळणं अवघडच. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी उघडी असलेली टेकडी आज झाडांनी आणि इमारतींनी वेढलेली असते. यंत्र तिथेच असतं, पण वारा त्याच्यापर्यंत पूर्वीसारखा पोचत नाही.

दुसरं कारण यंत्राचं. वाट्यांचं वायुवेगमापक फिरतं ते बेअरिंगवर. समुद्रावरच्या खाऱ्या, दमट हवेत बेअरिंग जड होतं आणि मंद वाऱ्यात वाट्या हलेनाशाच होतात. मग नोंदीत "शांत" असे शेरे वाढत जातात. जुन्या नोंदी हातात आल्या की मी आधी वर्षागणिक "शांत" नोंदी किती ते मोजतो. हा आकडा हळूहळू चढत गेला आणि एखाद्या वर्षी एकदम खाली आला, तर तिथे यंत्र बदललं गेलं असं समजायला हरकत नाही. वारा एका रात्रीत सुधारत नाही.

सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच अशा दोन वेळांच्या नोंदी मिळाल्या आहेत. त्यांची सरासरी काढू का?

काढू नका. म्हणजे, काढा, पण तिला दिवसाची सरासरी म्हणू नका.

जानेवारी ते मेमधला गोव्याच्या किनाऱ्यावरचा कुठलाही साधा दिवस घ्या. सकाळी मतलई वारा पूर्वेकडून, जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, आणि तो बहुधा दुबळा असतो. ऊन चढतं, जमीन तापते, दुपारच्या सुमाराला वारा दिशा बदलतो आणि खारा वारा वायव्येकडून आत यायला लागतो. दुपारनंतर त्याला जोर येतो, समुद्रावर पांढरे फेस दिसू लागतात, आणि सूर्य मावळल्यावर तो ओसरतो. रात्र पुन्हा मंद. एप्रिल-मेमध्ये हा खारा वारा चांगलाच जोरकस असतो.

आता या दिवसावर ते दोन वेळांचे ठिपके ठेवून पाहा. साडेआठची नोंद वारा मंद असतानाची आहे, आणि साडेपाचची नोंद वारा अजून भरात असतानाची. दोहोंची सरासरी रात्रीच्या दहा-बारा तासांबद्दल काहीच सांगत नाही. पावसाळ्यात चित्र वेगळं असतं. तेव्हा नैऋत्य-पश्चिमेकडचा वारा दिवसरात्र टिकून असतो, त्यामुळे दोन वेळांची सरासरी वास्तवाच्या बरीच जवळ जाते. म्हणजे एकाच केंद्राची एकच पद्धत जुलैत ठीक आणि फेब्रुवारीत चुकीची ठरते.

अशा जुन्या नोंदी टाकून मात्र देऊ नयेत. १९६०च्या दशकातली जुलैची साडेपाचची नोंद आणि २०१०च्या दशकातली जुलैची साडेपाचची नोंद एकमेकींशी ताडता येतात, कारण दोन्ही एकाच वेळेच्या आहेत. बदल शोधायला त्या उपयोगी आहेत. ऊर्जा मोजायला तासातासाची नोंदच लागते.

विमानतळाच्या अहवालातले आकडे कसे वाचायचे?

अहवालात वाऱ्याचा गट असा दिसतो: ३१००९केटी. पहिले तीन अंक दिशा सांगतात, म्हणजे ३१० अंश, वायव्य. पुढचे दोन वेग, ९ नॉट. दिशा म्हणजे वारा ज्या बाजूने येतो ती बाजू. तो जातो ती नव्हे. नवीन मुलं इथेच उलटंपालटं करतात आणि मग समुद्री वारा सह्याद्रीवरून उतरताना दिसतो.

दिशा दहा-दहा अंशांनी आणि वेग पूर्ण नॉटमध्ये दिलेला असतो. नऊ म्हणजे साडेआठ ते साडेनऊमधलं काहीही. मंद वाऱ्याच्या जागी ही मोघम नोंद जाणवते. वेळ जागतिक घड्याळाची असते, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. न मिळवल्यास खारा वारा भल्या पहाटे सुटलेला दिसेल.

एककांकडे जिवापाड लक्ष द्या. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, किंवा सेकंदाला ०.५१४ मीटर. जुन्या छापील सारण्यांत बरेचदा ताशी किलोमीटर असतात, विमानतळाच्या नोंदीत नॉट आणि पवनऊर्जेच्या पुस्तकांत सेकंदाला मीटर. ताशी किलोमीटरचा आकडा नॉट समजून वापरलात तर ऊर्जा ६.३५ पट फुगते. हे बोलायला सोपं वाटतं, पण दोन वेगळ्या स्रोतांच्या फायली एकत्र जोडताना हटकून होतं.

सरासरी वेगाचा घन केला की ऊर्जा मिळते ना?

नाही. आधी प्रत्येक तासाच्या वेगाचा घन करायचा आणि मग त्या घनांची सरासरी काढायची. वेगांची पसरण नेहमीच्या सर्वसाधारण आकाराची असेल, तर खरी ऊर्जा "सरासरीच्या घना"च्या जवळजवळ १.९ पट येते. नुसता वार्षिक सरासरी वेग छापलेली सारणी म्हणूनच अपुरी आहे. कुठल्या वेगाचे किती तास, हे हवं.

हवेच्या घनतेचंही पाहा. प्रमाण घनता घनमीटरला १.२२५ किलो धरतात. गोव्याच्या तीस अंशांच्या हवेत ती १.१६च्या आसपास असते, आर्द्रतेमुळे किंचित आणखी कमी. म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकातल्या वक्रापेक्षा (कुठल्या वेगाला किती वीज, ते दाखवणाऱ्या) पाचेक टक्के वीज आधीच गेली.

केंद्राची नोंद १० मीटरवरची आहे. तिच्यावरून १०० मीटरवरचा वेग काढता येतो का?

सूत्र आहे. भरवसा नाही. उंची वाढली की वेग वाढतो, आणि तो किती वाढतो हे एका घातांकावर ठरतं. मोकळ्या सपाट जमिनीसाठी पुस्तकात तो एक सप्तमांश दिलेला असतो. समजा १० मीटरवर सेकंदाला ३ मीटर वेग आहे. एक सप्तमांश घेतला तर १०० मीटरवर ४.२ मीटर येतात. घातांक ०.२ घेतला तर ४.८. झाडी आणि घरं असलेल्या जागेसाठी ०.३ घेतला तर ६. तिन्ही घातांक आपापल्या जागी बरोबर आहेत. पण ४.२ आणि ६ यांच्या घनांमध्ये जवळपास तिपटीचा फरक आहे. एका घातांकाच्या निवडीवर प्रकल्प नफ्यात किंवा तोट्यात दाखवता येतो, आणि ज्याला तो विकायचा आहे तो कुठला घातांक निवडेल हे सांगायला नको.

गोव्यात तर एकाच जागी घातांक बदलतो. समुद्रावरून आलेला वारा गुळगुळीत पाण्यावरून आलेला असतो, त्याचा घातांक लहान. सड्यावर पूर्वेकडून येणारा वारा मात्र कुळागरं (सुपारी-नारळाच्या बागा), काजू आणि जंगल ओलांडून आलेला असतो. दुपारी तापलेल्या जमिनीवर हवा घुसळते आणि खालवरचे वेग जवळ येतात, रात्री थर बसतात आणि फरक वाढतो. यावर उपाय एकच: जागेवर दोन-तीन उंचींवर प्रत्यक्ष मोजणे. १० मीटरच्या जुन्या नोंदीवरून १०० मीटरचा आकडा थेट छापणारा अहवाल हातात आला, तर आधी घातांक कुठून आणला ते विचारा.

मग जुन्या केंद्राचा उपयोग नेमका होतो कसा?

पद्धतीला मोजा, ताडा, भाकीत करा असं म्हणता येईल. जगभर ती याच क्रमाने वापरली जाते.

तुमच्या जागेवर पूर्ण एक वर्ष मोजणी करायची, कमी नाही. त्याच वर्षाची संदर्भ केंद्राची, म्हणजे ताडून पाहायला निवडलेल्या जुन्या केंद्राची, नोंद घ्यायची. दोन्ही नोंदी तासातासाने शेजारी मांडून त्यांच्यातलं नातं काढायचं. हे नातं बसलं की ते केंद्राच्या जुन्या नोंदींना लावायचं आणि तुमच्या जागेचा दीर्घकालीन वेग काढायचा.

कल्पित आकडे घेऊन पाहू. तुमच्या सड्यावर मोजणीच्या वर्षी सरासरी वेग सेकंदाला ५.४ मीटर आला. संदर्भ केंद्राला त्याच वर्षी ४.२ आला, आणि त्याची गेल्या वीस वर्षांची सरासरी ४.० आहे. म्हणजे मोजणीचं वर्ष नेहमीपेक्षा वाऱ्याचं होतं. नातं सरळ प्रमाणाचं धरलं तर सड्याचा दीर्घकालीन वेग ५.१४ येतो. ऊर्जा मात्र जवळपास १४ टक्क्यांनी खाली येते. मास्टच्या आकड्यावर विसंबला असतात तर दर सात युनिटांतलं एक युनिट कागदावरच राहिलं असतं.

इथे लक्षात घ्या की केंद्राचा ४.० हा आकडा झाडांमुळे खरा वेग दाखवत नसला तरी चालतो. तो सगळी वर्षं एकाच रीतीने कमी दाखवत असेल तर गुणोत्तर टिकून राहतं. वजनकाटा दर वेळी पाव किलो कमी दाखवत असला तरी वजन वाढलं की उतरलं हे त्यावर कळतं, तसंच हे.

गोव्यासाठी माझा आग्रह असा की पावसाळा आणि कोरडा मोसम यांचं नातं वेगवेगळं बसवावं. पावसाळ्याचा वारा मोठ्या पट्ट्यावर एकजिनसी असतो, तेव्हा दाबोळी आणि चाळीस किलोमीटरवरचं मोपा एकाच तालात वरखाली व्हायला हवं. कोरड्या मोसमातला खारा वारा किनाऱ्यापासूनच्या अंतरावर अवलंबून असतो. तो किनाऱ्यावर आधी पोचतो, आत सत्तरी किंवा सांग्याकडे उशिरा आणि दमून. वर्षभराची एकच सरळ रेषा काढली की हे दोन्ही स्वभाव एकमेकांत मिसळतात आणि रेषा दोन्हींना न्याय देत नाही. दिशेप्रमाणेही भाग पाडावेत.

नातं खरंच बसलं का हे तपासायला काही महिने मुद्दाम बाजूला ठेवा. ते न वापरता नातं काढा आणि मग त्या महिन्यांचं भाकीत जमतं का पाहा. जमलं नाही तर ते केंद्र तुमच्या जागेसाठी योग्य नाही, मग ते कितीही जुनं असो. आतल्या दरीत, नदीच्या वळणावर किंवा घाटाच्या पायथ्याशी हे अनेकदा घडतं.

केंद्राच्या नोंदीत वारा दशकानुदशकं घटताना दिसतो. हवामानबदल की यंत्र?

दोन्ही शक्यता खऱ्या आहेत, आणि तिसरी म्हणजे झाडं. उत्तर गोलार्धातल्या ८२२ केंद्रांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात १९७९ ते २००८ या काळात जमिनीलगतचा वारा बऱ्याच भागांत ५ ते १५ टक्क्यांनी कमी झालेला आढळला, आणि त्या घटीचा एक चतुर्थांश ते साठ टक्के वाटा वाढलेल्या झाडोऱ्याने आणि तत्सम खडबडीतपणाने समजावता येतो असं निघालं. २०१०च्या सुमारानंतर अनेक ठिकाणी हा कल उलटलाही.

त्यामुळे घसरणारी रेषा दिसली की लगेच निष्कर्ष नको. आधी केंद्राचा इतिहास मागा: जागा कधी हलली, यंत्र कधी बदललं, हाताने नोंद बंद होऊन स्वयंचलित कधी सुरू झाली, शेजारी इमारत कधी उभी राहिली. मग दोन केंद्रांच्या वार्षिक सरासरींचं गुणोत्तर काढून वर्षांप्रमाणे मांडा. खरा हवामानातला बदल दोन्हीकडे दिसेल आणि गुणोत्तर फारसं हलणार नाही. एका केंद्राच्या शेजारी काही घडलं असेल तर गुणोत्तराला पायरी पडेल. अशी पायरी सापडली तर तिच्या आधीची वर्षं सोडून द्यावी. नीट असलेली बारा वर्षं चाळीस गढूळ वर्षांपेक्षा मोलाची असतात.

आता संगणकावर सगळ्या जगाचा वारा मिळतो. मग ही जुनी केंद्रं हवीत कशाला?

युरोपीय हवामान अंदाज केंद्राचा ईआरए५ हा गणिती संच १९४० पासूनचा तासातासाचा वारा मोफत देतो, आणि तो वापरायलाच हवा. पण त्याची जाळी साधारण ३१ किलोमीटरची आहे. गोवा उत्तर-दक्षिण शंभरेक किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम साठ, क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. म्हणजे आपलं अख्खं राज्य चार-पाच चौकोनांत संपतं. एकाच चौकोनात समुद्र, खाजन (खाडीकाठची बांध घातलेली शेतजमीन), सडा आणि घाटाचा पायथा एकत्र येतो. हजार मीटरच्या वर जाणारं सोसोगडाचं शिखर अशा जाळीत सपाट होऊन जातं. ग्लोबल विंड ॲटलासची जाळी २५० मीटरची आहे, ती अधिक बारीक चित्र दाखवते, तरी तेही गणितातून आलेलं आहे, मोजलेलं नाही.

या संचांची ताकद सातत्यात आहे. त्यांच्याभोवती झाडं वाढत नाहीत आणि बेअरिंग गंजत नाही. केंद्रांची ताकद ही की त्यांनी खरा वारा पाहिलेला आहे. केंद्राच्या नोंदीतली पायरी ईआरए५शी ताडून शोधायची, आणि ईआरए५ला गोव्याचा खारा वारा कितपत जमलाय ते केंद्राकडून तपासायचं. दोघांनी मिळून एकच गोष्ट सांगितली तर विश्वास ठेवावा.

हे सगळं करून गोव्यात निघण्यासारखं काही आहे का?

मोठ्या पवन प्रकल्पांबद्दल स्पष्टच सांगायला हवं. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेने १०० मीटर उंचीसाठी देशाची क्षमता सुमारे ३०२ गिगावॉट काढली, त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला ४५,३९४ मेगावॉट आले, कर्नाटकाच्या ५५,८५७ आणि गोव्याच्या ०.८४. शून्य पूर्णांक चौऱ्याऐंशी मेगावॉट. आजची एक मोठी पवनचक्की याहून जास्त क्षमतेची असते. उंची वाढवली की देशाचा आकडा वाढतो, १५० मीटरसाठी तो ११६४ गिगावॉटच्या घरात गेला, पण त्याने गोवा पवनऊर्जेचं राज्य होत नाही.

कारण भूगोलात आहे. पावसाळ्यातला जोरदार वारा जमिनीपासून एक-दीड किलोमीटर उंचीवर सर्वांत वेगवान असतो. साताऱ्याकडची चाळकेवाडी-वनकुसवड्याची पठारं हजार मीटरच्या वर आहेत, म्हणून तिथे पवनचक्क्यांची रांग दिसते. गोव्याची बहुतेक वस्ती आणि सडे त्याच्या कितीतरी खाली आहेत. आपल्याकडची तेवढी उंची घाटमाथ्याला आहे, आणि तो जवळपास सगळा म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी आणि खोतीगाव या अभयारण्यांत येतो. तिथे रस्ते पाडून पवनचक्क्या उभ्या कराव्यात असं मला अजिबात वाटत नाही, वारा कितीही असला तरी.

गच्चीवर छोटी पवनचक्की लावली तर?

इथे जुन्या केंद्राची नोंद थेट कामाला येते, कारण छोटी पवनचक्की असते साधारण त्याच दहा-बारा मीटर उंचीवर.

अडीच मीटर व्यासाचं पातं घ्या. ते जवळपास ४.९ चौरस मीटर वारा कापतं. वार्षिक सरासरी वेग सेकंदाला ३ मीटर असेल, तर दर चौरस मीटरला सरासरी तीस वॉट ऊर्जा असते. कुठलंही यंत्र त्यातली ५९.३ टक्क्यांहून जास्त घेऊ शकत नाही, ही निसर्गाची मर्यादा आहे. छोटी यंत्रं प्रत्यक्षात पाव हिस्सा घेतात असं धरू. हाती येतात ३७ वॉट, वर्षाला तीनशेवीस युनिटं. एक किलोवॉटचं सौर पॅनेल गोव्यात वर्षाला चौदाशेच्या आसपास युनिटं देतं, त्यात हलणारा भाग नाही आणि शेजाऱ्याला आवाज नाही. त्यातून गच्चीवरचा वारा इमारतीच्या कडेवर आपटून घुसळलेला असतो, त्यात पातं सारखं दिशा शोधत राहतं.

पवनचक्कीच्या बाजूने सांगण्यासारखं एकच. जुलैत सौर पॅनेल ढगाखाली असतं तेव्हा वारा भरात असतो. समुद्राकडे तोंड केलेल्या अगदी उघड्या कड्यावर, त्या महिन्याची केंद्राची सरासरी ५ मीटरच्या आसपास दिसत असेल, तर तेच पातं दिवसाला चारेक युनिटं देऊ शकतं. बॅटरीवर चालणाऱ्या एकाकी जागेसाठी, सौरऊर्जेच्या जोडीला, याचा विचार व्हावा. पणजीच्या फ्लॅटसाठी नाही.

वादळाचं काय?

बांधकामाच्या भारतीय मानकात पणजीसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर दिलेला आहे. मास्टचा पाया आणि ताणतारा त्यासाठीच हव्यात. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला समांतर गेलं तेव्हा झाडं आणि विजेचे खांब किती पडले ते सगळ्यांनी पाहिलं. सरासरी वेगाच्या सारणीत असा दिवस दिसतच नाही, म्हणून झोताची कमाल नोंद वेगळी मागावी.

नोंदी मिळवायच्या कुठून, आणि अर्जात काय लिहायचं?

हवामान खात्याचा अधिकृत साठा पुण्याला आहे आणि तिथल्या संकेतस्थळावरून मागणी नोंदवता येते. विमानतळांचे अहवाल आणि बरीच जुनी केंद्रं अमेरिकेच्या एनओएए या हवामान-समुद्र संस्थेच्या जागतिक साठ्यातही सापडतात. दाबोळीचा संकेत व्हीओजीओ आणि मोप्याचा व्हीओजीए, दोन्ही इतके सारखे आहेत की फाईल उतरवल्यावर नाव दोनदा तपासा.

अर्जात नुसतं "वाऱ्याची माहिती" लिहिलंत तर मासिक सरासरी हातात पडेल. तासाची किंवा त्याहून बारीक नोंद, वेग आणि दिशा दोन्ही, एकक, यंत्राची जमिनीपासूनची उंची, सरासरी किती मिनिटांची आहे, केंद्राचे अक्षांश-रेखांश आणि ते बदललेल्या तारखा, यंत्र बदललेल्या तारखा, हे सगळं स्वतंत्र मुद्दे करून लिहा. यंत्राची उंची सारणीत नसेल तर पुन्हा पत्र पाठवून विचारा.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी यातलं काय घेता येईल?

दाबोळी आणि मोपा. २०२३ पासूनच्या दोन्हींच्या अर्ध्या तासाच्या नोंदी उतरवा, वेळ जुळवा, पावसाळा आणि कोरडा मोसम वेगळा करा आणि दोन्ही मोसमांत नातं किती घट्ट आहे ते काढा. मग तेच ईआरए५शी करून पाहा. मोप्याला मोठा इतिहास नाही, दाबोळीला आहे, म्हणजे वर सांगितलेली पद्धत इथे जशीच्या तशी लावता येते आणि मास्ट उभारायचा खर्चही नाही. दुपारी खारा वारा दाबोळीला किती वाजता वळतो आणि मोप्याला किती वाजता, एवढंच तीन कोरड्या मोसमांचं नीट मांडलंत तरी उत्तर गोव्यातल्या सड्यांसाठी कुठलं संदर्भ केंद्र धरावं याला हातात काहीतरी ठोस येईल.